तिला म्हातारी होऊ द्या, सर

आदरणीय सर,



या पत्रात तुमचं नाव घेत नाही, तुमच्या कादंबरीचंही नाही. तुम्हाला चारचौघांत कमीपणा आणायचा माझा हेतू नाही आणि माझं गाऱ्हाणं तुमच्या एकट्याच्या पुस्तकापुरतं नाहीच. तरी पत्र तुम्हालाच लिहिते आहे, कारण मनाला लागलं ते तुमचं पुस्तक आणि त्याहून जास्त तुमचं एक वाक्य.

तुमची नायिका नवी मुंबईची. कोपरखैरण्यात वाढलेली, बाप माथाडी कामगार. नकार पचवता न आलेला एक मुलगा तिच्यावर भर रस्त्यात सुरा चालवतो. ती जगते. हल्ल्यातून उठून उभ्या राहिलेल्या स्त्रीची ही कहाणी आहे, असं मलपृष्ठावर छापलं होतं, म्हणून मी ते पुस्तक घेतलं. हल्ल्याचं वर्णन तुम्ही अकरा पानं केलं आहे. मग इस्पितळ, पोलीस, कोर्ट. शेवटच्या प्रकरणात आरोपीला शिक्षा होते, तिचे काका कोर्टाबाहेर पेढे वाटतात आणि त्याच संध्याकाळी ती एकटीच वाशीच्या खाडीपुलावर जाऊन उभी राहते. पुस्तक तिथे संपतं. पुढे काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं.

त्यानंतर वाशीत तुमचा कार्यक्रम झाला. श्रोत्यांमधल्या एका बाईंनी विचारलं, "तिला जगवलं का नाही तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "निकाल लागल्यावर तिच्या आयुष्यात गोष्ट अशी काय उरते?" सभागृहात माना डोलल्या. मी तिथेच बसले होते. उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण ते द्यायचं तर गळ्यावरची ओढणी बाजूला करून द्यावं लागलं असतं, आणि माझा व्रण मी पुरावा म्हणून कुणाला दाखवत नाही. म्हणून हे पत्र.

माझे वडील जावळी तालुक्यातले. मशीद बंदरात पाठीवर पोती वाहिली. बाजार वाशीला आला तसे आम्हीही खाडीच्या या बाजूला आलो. मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या एकाने जिन्यात मला गाठलं. गळा आणि डावा हात. तुमची अकरा पानं मी वाचली, सर. माझ्याकडे त्या प्रसंगाची अकरा वाक्यंही नाहीत. ओल्या गोणपाटाचा वास आहे, जिन्याच्या कठड्याचा हिरवा रंग आहे आणि माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा आहे. बाकीचं मला आईने आणि सरकारी वकिलांनी सांगितलं. पुढे एका समुपदेशक बाईंनी समजावलं की अशा वेळी मेंदू प्रसंग ओळीने लावून ठेवत नाही; वास, रंग, आवाज असे तुकडे ठेवतो, आणि ते तुकडे न विचारता परत येतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी या अवस्थेला १९८० साली आपल्या ग्रंथात आजार म्हणून जागा दिली. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या पुस्तकात बरं होण्याचे तीन टप्पे सांगितले. आधी सुरक्षित वाटणं, मग जे घडलं ते आठवून त्याचा शोक करणं आणि मग पुन्हा माणसांत येणं. तिसऱ्या टप्प्यापर्यंत मी आले ते हे पुस्तक ठाऊक नसताना. पण ती वाट असते, त्या वाटेवर वर्षं जातात आणि त्या वर्षांत माणूस जगत असतो, हे तुम्हाला कादंबरी लिहिण्याआधी ठाऊक करून घेता आलं असतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. निकालानंतर काय उरतं?

हात उरतो. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. फिजिओथेरपीत रबरी चेंडू दाबायला दिला होता. आईला तो चेंडू बघवेना, म्हणून तिने माझ्यापुढे परात ठेवली. कणीक मळताना सुरुवातीला दोन बोटं काठीसारखी ताठ वर राहायची आणि पीठ त्यांच्या फटीत वाळून बसायचं. आई ते रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून काढायची, बोलायची काही नाही. मग फळबाजारातल्या एका पेढीवर नोकरी लागली. मालाची पट्टी तेव्हा हाताने लिहायची असे. शेतकऱ्याचं नाव, पेट्या, भाव, त्यातून हमाली, तोलाई, भाडं वजा. खालचा कार्बन सरकू नये म्हणून दुसरी माणसं बोटांनी कागद धरायची, मी सगळा तळवा टेकून दाबायची. मार्चपासून हापूस सुरू झाला की रात्री गाड्या लागत आणि पहाटे पट्ट्यांचा ढीग पडे. रत्नागिरी-देवगडच्या बागाईतदारांची नावं मला पाठ झाली. त्या ढिगात डोकं घातलं की दुपारपर्यंत जिना आठवत नसे. हे माझं पहिलं औषध होतं.

भीती उरते, आणि तिचा चेहरा दरवर्षी बदलतो. सुरुवातीला मागून पावलं वाजली की मी भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मग भीती माणसांची राहिली नाही, दयेची झाली. बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या आणि मी आले की आवाज खाली आणायच्या. माझ्यासाठी येणारी स्थळं एकतर बिजवराची असायची नाहीतर अशा माणसाची, ज्याला मी जन्मभर त्याच्या उपकारात राहावं असं वाटायचं. मी थांबले. लग्न केलं ते अशा माणसाशी, ज्याने पहिल्या भेटीत व्रणाबद्दल विचारलं नाही आणि पाचव्या-सहाव्या भेटीत सरळ विचारलं.

आणि तो सुटला, सर. तुमच्या कादंबरीत शिक्षा झाली की आरोपी पुस्तकातून नाहीसा होतो. खऱ्या आयुष्यात खुनाच्या प्रयत्नाची शिक्षा संपते, चांगल्या वागणुकीची सूट मिळते आणि माणूस आपल्या घरी येतो. तो आल्याची बातमी मला भाजीवालीकडून कळली. पोलिसांनी कळवलं नाही, वकिलांनी नाही. कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "तुमचा तो परत आलाय म्हणे." माझा तो! त्या दिवसापासून पुढची कितीतरी वर्षं स्टेशनचा रस्ता बदलायचा की नाही, हा निर्णय मी रोज सकाळी नव्याने घेतला. रस्ता बदलला नाही. एकदा रिक्षाच्या रांगेत तो माझ्यापुढे दोन माणसं सोडून उभा होता. केस पिकलेले, हातात औषधांची पिशवी. मी रांगेतून हलले नाही. यात गोष्ट नाही? मग गोष्ट म्हणजे काय?

माझी मुलगी अकरावीला ठाण्याला जाऊ लागली. पहिल्या दिवशी ती ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये चढली आणि मी घरी येऊन फोन समोर ठेवून बसले. "पोचले" असा मेसेज येईपर्यंत मी किती वेळा मेले, तो हिशेब आईपणाचा की जिन्याचा, हे मला आजही सांगता येणार नाही. तिला किती सांगायचं, कधी सांगायचं, भीती न देता सावध कसं करायचं, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड परीक्षा होती, कोर्टातल्या उलटतपासणीपेक्षा अवघड. ती तुमच्या पुस्तकात येऊच शकत नाही, कारण तुम्ही तुमच्या बाईला मूल होण्याएवढा वेळ दिला नाहीत.

आता माझं गाऱ्हाणं तुमच्या पुस्तकाबाहेर नेते.

या महाराष्ट्राला कुठल्या मुलींची नावं पाठ आहेत ते आठवून पाहा. उल्हासनगरची रिंकू पाटील, १९९० साली दहावीच्या परीक्षाकेंद्रात जाळली गेली. सांगलीची अमृता देशपांडे. नौदलाच्या इस्पितळात परिचारिका म्हणून रुजू व्हायला आलेली प्रीती राठी. वांद्रे टर्मिनसवर २०१३ च्या मे महिन्यात तिच्यावर ॲसिड फेकलं आणि जूनमध्ये ती गेली. हिंगणघाटची प्राध्यापिका, फेब्रुवारी २०२० मध्ये जाळली आणि आठवड्याने गेली. या सगळ्या मेल्या म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या. त्या लागायलाच हव्या होत्या. पण ज्या मेल्या नाहीत त्यांचं काय? त्या रोज तुमच्या-माझ्या शेजारी उभ्या असतात, बँकेत, रेशनच्या रांगेत, महिलांच्या डब्यात. त्यांना नाव नाही.

वर्तमानपत्र त्यांच्यातल्या अनेकींना नाव देऊ शकत नाही. बलात्कारातून वाचलेल्या स्त्रीची ओळख छापायला १९८३ पासून कायद्याने बंदी आहे, नव्या न्यायसंहितेतही ती ७२ व्या कलमात कायम आहे, आणि ती हवीच. नाव सांगून पुढे येणाऱ्या थोड्या. कोलकात्याच्या सुझेट जॉर्डन यांनी २०१३ साली आपलं नाव स्वतः जाहीर केलं. २०१५ साली त्या आजारपणात गेल्या. फ्रान्समध्ये झिझेल पेलिको यांनी २०२४ साली खटला उघड्या दारांनी चालवायला लावला. त्यांचं धैर्य मोठं आहे. पण प्रत्येक बाईने आपलं घरदार पणाला लावावं तेव्हाच तिचं जगणं कुणाला कळावं, हा कुठला न्याय?

आत्मचरित्र लिहावं म्हणाल, तर त्याचीही किंमत असते. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं ते किराणा दुकानात बसून, कागद नवऱ्यापासून लपवत, आणि ते कित्येक वर्षं तसेच लपून राहिले. मल्लिका अमर शेख यांनी १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहून आपलं घर जगापुढे उघडं केलं. या बायकांनी आपल्या कातडीवर हे लिहिलं. कादंबरीकाराला तशी किंमत मोजावी लागत नाही. तुम्ही एक नाव रचू शकता, एक गल्ली रचू शकता, आणि त्या रचलेल्या बाईला माझं सगळं खरं आयुष्य देऊ शकता. कायदा आडवा येत नाही, कुणाची मुलगी कॉलेजात मान खाली घालत नाही. आम्हाला नावानिशी जगायला सगळ्या साहित्यात एवढी एकच जागा होती, सर. तिथेही आम्हाला खाडीपुलावर नेऊन उभं केलंत.

ही खोड आजची नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक'मध्ये 'पण लक्षात कोण घेतो?' लिहायला घेतली. एका बाईने स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगावी, हे मराठी कादंबरीत तेव्हा केवढं धाडस होतं! त्या बाईचं, यमूचं, बळजबरीने केशवपन होतं तो प्रसंग वाचताना आजही माझा हात डोक्याकडे जातो. पण त्यानंतर यमू जगत नाही. हरिभाऊंना दोष देत नाही, त्यांच्या काळात त्या मरणाने लोकांना जागं केलं. पुढे जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकात अत्याचार झालेली शिक्षिका अंबिका रडत बसत नाही, सूड घेते, आणि पडदा पडतो. मरण नाहीतर सूड. सव्वाशे वर्षांत आमच्यासाठी हे दोनच दरवाजे. सूड घेतल्यावर अंबिका दुसऱ्या दिवशी सकाळी किती वाजता उठली, शाळेत परत गेली का, चाळिशीत तिला कशाचा राग येत होता, हे विचारायला कुणाला सुचलं नाही.

अरुणा शानबाग यांचं घ्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम इस्पितळात त्यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोराला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची शिक्षा झाली, सात वर्षांची. अरुणा १८ मे २०१५ पर्यंत त्याच इस्पितळात होत्या. पिंकी विराणी यांनी १९९८ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं, पुढे त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ७ मार्च २०११ ला दयामरणावरचा तो मोठा निकाल आला. त्या निकालाची चर्चा सगळ्यांनी केली. पण एवढ्या वर्षांत अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईला शय्याव्रण होऊ न देणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्या! एक निवृत्त होताना दुसरीला काय सांगून जात असेल? नवी मुलगी पहिल्यांदा त्या खोलीत जाताना तिच्या मनात काय येत असेल? हल्ल्यानंतरचं आयुष्य म्हणजे काय ते त्या वॉर्डात चार दशकं चाललं होतं, परळला, मराठी बोलीत. त्यावर मोठी मराठी कादंबरी माझ्या वाचनात आली नाही.

असं लिहिता येत नाही, असं मात्र म्हणू नका. अमृता प्रीतम यांनी १९५० साली 'पिंजर' लिहिली. पळवून नेलेली पुरो कशीबशी घरी परत येते आणि जन्मदाते दार लावून घेतात. दुसरा कुणी तिला तिथेच मारून टाकता. अमृताबाई तिला पुढची सगळी वर्षं देतात. नको असलेलं मूल, नको असलेला नवरा, हळूहळू बदलत जाणारं मन, आणि फाळणीच्या धुमश्चक्रीत दुसऱ्या मुलींना वाचवणारी तीच पुरो. टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' सेथी गुलामगिरीतून निसटल्यावर अठरा वर्षांनी सुरू होते. जे घडलं ते त्या घरात अजून नांदत असतं. आणि आपल्याकडे शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' आहेच. रीटावर कुणी सुरा चालवत नाही, पण मनाने कोसळून ती इस्पितळात पडली आहे तिथे ती कादंबरी उघडते. बाकीच्यांची जिथे संपते तिथे शांताबाईंनी सुरू केली, आणि रीटाला उठून घरी जाऊ दिलं. मी ते पुस्तक पेढीवरच्या खणात ठेवते.

तुम्ही म्हणाल, बाई, मला खोटी आशा लिहायची नाही. बऱ्याच जणी खरंच खचतात, खरंच जीव देतात. हो, देतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तक्रारीचा कणही नाही, कारण त्या टोकाला मीही उभी होते. पण तुमच्या पुस्तकात ती खचत जाताना दिसत नाही. तिच्या मरणाला कारण लागतं, आणि तुमच्याकडे कारण एवढंच आहे की तिच्यावर हल्ला झाला. अशी बाई शेवटी जगणार कशी, हे तुम्ही गृहीत धरलंत आणि वाचकानेही धरलं. हेच गृहीत मी तीस वर्षं शेजारणींच्या डोळ्यांत बघते आहे. गेल्या वर्षी ऐरोलीत एका मुलीवर तिच्या नवऱ्याने चाकू चालवला. ती आमच्या ओळखीतली. तिने इस्पितळात मला विचारलं, "काकू, अशा बायका पुढे किती वर्षं जगतात?" तिला वाटत होतं त्याला मुदत असते. असं तिला कुणी शिकवलं? सिनेमाने शिकवलं, मालिकांनी शिकवलं, आणि सर, तुमच्यासारख्या चांगल्या लेखकांनीही शिकवलं.

आशा लिहा असं मी म्हणतच नाही. वेळ लिहा. हल्ला काही सेकंदांचा असतो आणि नंतरची वर्षं चाळीस-पन्नास. तुमच्या पुस्तकात हे माप उलटं झालं आहे.

अनावृत पत्राने काय होणार, असं मला घरात विचारलं गेलं. मी मथुरा नावाच्या मुलीचं उदाहरण दिलं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं. त्यातून देशभर स्त्रियांची आंदोलनं उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. माझं पत्र तेवढं मोठं नाही, मीही तेवढी मोठी नाही. पण त्या चौघांनी न्यायाधीशांना जे विचारलं त्याचाच धागा धरून मी तुम्हाला विचारते. ती मुलगी कशी जगते, हे न बघता तिचा निकाल कसा दिलात?

तुमची भाषा चांगली आहे, सर. इस्पितळातल्या रात्रीचं तुमचं प्रकरण वाचताना मला रडू आलं, ते खोटं नव्हतं. म्हणूनच राग जास्त आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यावर कोण रुसतं?

पुढची कादंबरी लिहाल तेव्हा निकाल पहिल्या प्रकरणात उरकून टाका आणि बाकीचं पुस्तक तिला द्या. तिला नोकरी द्या, पगारवाढीवरून भांडण द्या. तिच्याशी नीट न वागणारी जाऊबाई द्या. एखाद्या दिवशी तिला ते सगळं साफ विसरू द्या आणि संध्याकाळी विसरल्याचंच दुःख होऊ द्या. तो सुटून येईल त्या दिवशी तिच्याबरोबर रांगेत उभे राहा. तिला गुडघेदुखी द्या, चष्मा द्या, नातवंडं द्या किंवा देऊ नका, पण तिला म्हातारी होऊ द्या. ती पुलावर गेलीच तर पूल ओलांडून तिला मानखुर्दला उतरू द्या, तिथे तिचं काही काम असेल.

असं पुस्तक तुम्ही लिहिलंत तर मी त्याच्या दोन प्रती घेईन. एक माझ्या खणात राहील, आणि दुसरी त्या ऐरोलीच्या मुलीला नेऊन देईन. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तोंडी दिलं आहे, पण माझ्या एकटीच्या शब्दावर तिने किती विश्वास ठेवावा? तिला ते छापील दिसलं पाहिजे.

आपली,
एक वाचक
कोपरखैरणे, नवी मुंबई